सान्निध्याचा सिद्धांत

डॉ. अष्टपुत्र्यांनी बाटलीचं बूच काढलं, बाटली नाकाखालून एकदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा उजवीकडून डावीकडे फिरवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "मिस इंगवले, आपण इतिहास घडवलाय."

मी बाटलीवरच्या चिठ्ठीकडे बघत होते. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'अर्क नाही'.

"सर, ही साधी बाटली आहे," मी म्हटलं. "हिच्यात शेवाळाचा अर्क नाही, लवंगेचा नाही, काहीच नाही. नुसती सोलकढी. ही केव्हाच नासायला हवी होती."

"हवी होती ना?"

"हो."

"नासली?"

"नाही."

"मग?" असं म्हणून त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी आता टाळ्या वाजवणार आहे.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी बाटली हातात घेतली आणि वास घेतला. लसूण, कोकम, ओल्या नारळाचं दूध. इतकी ताजी सोलकढी की भात पुढ्यात घ्यावा. शेजारची 'अर्क आहे' लिहिलेली बाटली उघडली, तीही तशीच. आणि तिच्यात शेवाळाचा वास औषधालासुद्धा नव्हता. ज्या वासाने महिनाभर माझे केस, माझी उशी आणि माझी भाकरी नासवली होती, तो वास बाटलीतून नाहीसा झाला होता.

"वास मुरतो," डॉक्टर म्हणाले. "लोणच्याचा नाही का मुरत? तसा."

हे गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे डॉक्टर होते, हे इथे सांगून ठेवलेलं बरं.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. देवगडच्या खाली खारवणे नावाच्या गावात भाऊ नाबरांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे त्यांच्या घराच्या मागे घातलेली पत्र्याची लांब पडवी. आमसुलं, कोकमाचं आगळ, आंबापोळी असला माल तिथे व्हायचा आणि गावातल्या बायका तो करायच्या. त्यातून भाऊंच्या डोक्यात शिरलं की सोलकढी बाटलीत भरून पुण्याला विकायची. आता सोलकढी हा पदार्थ किती नाजूक असतो ते कोकणात लहान पोरालाही ठाऊक असतं. नारळाचं दूध सकाळी काढलं तर संध्याकाळी फाटतं, कढी फ्रिजमध्ये ठेवली तरी तीन-चार दिवसांत वास सुटतो. रासायनिक औषधं घालून टिकवता येते, पण पुण्याच्या ज्या दुकानवाल्यांनी रस दाखवला होता त्यांना ती नको होती. त्यांना बाटलीवर 'संपूर्ण नैसर्गिक' असं हवं होतं आणि तीस दिवस टिकायला हवी होती. तीस दिवस टिकली तर त्यांच्या सगळ्या दुकानांत माल लागणार होता. नाही टिकली तर काही नाही.

त्यासाठी भाऊंनी पुण्याहून डॉ. मुकुंद अष्टपुत्रे आणले. उन्हाळ्यातही गळ्याला मफलर, बोटात पोवळ्याची अंगठी आणि दर वाक्यात एकदा 'निसर्ग'. त्यांचं म्हणणं असं की किनाऱ्यावर खडकांना जे तपकिरी शेवाळ चिकटतं, त्याच्या अर्कात जंतूंना रोखण्याची ताकद आहे. कोकमाच्या सालीचा आणि लवंगेचा अर्क त्याच्या जोडीला दिला की काम फत्ते. यात खोटं काही नव्हतं. अशा अर्कांवर जगभर काम चाललंय, मी स्वतः शिकताना वाचलं होतं. खोटं होतं ते डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी, एक बाटलीही न भरता, 'तीस दिवस म्हणजे तीस दिवस' असं भाऊंना सांगून टाकलं ते.

माझं काम होतं अर्क काढायचा, ठरलेल्या मापाने सोलकढीत घालायचा, बाटल्या भरायच्या, दर काही दिवसांनी अर्काच्या आणि साध्या अशा दोन्ही जातींच्या बाटल्या उघडून काचेच्या बशांवर जंतू वाढवून मोजायचे आणि शेवटी अहवालावर सही करायची. सही माझीच लागणार होती. अन्नतंत्राची पदवी त्या गावात माझ्याकडेच होती आणि पुणेवाल्यांना तशाच माणसाची सही हवी होती. डॉक्टरांचा धंद्यात वाटा ठरला होता, त्यामुळे त्यांची चालणार नव्हती. म्हणजे उद्या कोणाच्या पोराला ती सोलकढी पिऊन ढाळ लागले, तर कागदावर नाव पद्मजा इंगवले हिचं. हे मी एक क्षणही विसरत नव्हते.

खरं सांगायचं तर पहिले दोन आठवडे मी खूश होते. साध्या बाटल्या पहिल्याच आठवड्यात आंबल्या, अर्काच्या टिकल्या. बाराव्या दिवशी मी अर्काची बाटली उघडली तेव्हा जंतू अगदी हिशेबात होते. चवीला किंचित उतरली होती, पण पिण्याजोगी. तीन-चार दिवसांचे बारा दिवस! नारळाच्या दुधाला! माझ्या हाताने काढलेल्या अर्काने! मी तशीच धावत डॉक्टरांकडे गेले.

"बारा?" ते म्हणाले. "मिस इंगवले, बारा दिवस म्हणजे बारसं. आपल्याला लग्न लावायचंय."

ते स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसले. मला तेव्हापासून त्यांच्याविषयी जे वाटायला लागलं, त्याला आदर म्हणता येणार नाही.

त्यानंतर मला पंधरा दिवस कोल्हापूरला जावं लागलं. मला बघायला एक स्थळ येणार होतं. मध्येच सूर्यग्रहण होतं म्हणून ते लोक पुढच्या दिवसावर गेले, मग त्याच्या पुढच्या, आणि शेवटी आलेच नाहीत. मी परत आले, फ्रिज उघडला, आणि हा इतिहास घडलेला.

"सर, अर्क नसलेली बाटली ताजी कशी राहिली, याचं कारण काय?" मी विचारलं.

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. मफलर सारखा केला.

"सान्निध्य," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पहिल्या आठवड्यात ज्या साध्या बाटल्या नासल्या, त्या कुठल्या कप्प्यात होत्या? वरच्या, दाराजवळच्या. आणि या? खालच्या, अर्काच्या बाटल्यांना खेटून. महिनाभर शेजार. शेवाळ ही समुद्राची वनस्पती आहे, मिस इंगवले. ती श्वास घेते. तिच्या अर्काचा सूक्ष्म अंश बुचातून बाहेर पडतो आणि शेजारच्या बाटलीचं रक्षण करतो. निसर्ग एकट्याचा विचार करत नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत.

"बुचं घट्ट आहेत, सर. वर मेण लावलंय."

"तुमच्या-माझ्यासाठी घट्ट. निसर्गासाठी नाही."

मी पडवीच्या बाहेर आले आणि माडाच्या बुंध्याला टेकून इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. बाटली शेजारच्या बाटलीचं रक्षण करते! मग शेजारच्या घरातल्या कढीचंही करू दे. गावातल्या सगळ्या कढ्यांचं करू दे. त्या रात्री मी मैत्रिणीला पत्र लिहिलं ते नुसतं या सिद्धांतावर. चार पानं. तिने उलट लिहिलं की असा माणूस सर्कशीत हवा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सिद्धांताचं बारसंही केलं. 'अष्टपुत्रे सान्निध्य परिणाम'. ते म्हणाले, पुढे सोलकढीत अर्क घालायचीसुद्धा गरज पडणार नाही, फ्रिजमध्ये वाळलेल्या शेवाळाची पुरचुंडी टांगली की झालं. मी "वा सर" म्हटलं. जेवताना त्यांनी तोच सिद्धांत कांद्यावर लावून दाखवला, मी पुन्हा "वा सर" म्हटलं. भाऊ नाबर समोर बसून भात कालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घरात या सगळ्याला एकच माणूस मोजत नव्हतं. भाऊंची थोरली बहीण, आक्का. विधवा, सत्तरीच्या पुढची, काठीसारखी ताठ. घर, देवघर, स्वयंपाकघर आणि पडवीतल्या बायका सगळं तिच्या हुकमाखाली. गच्चीवर शेवाळ वाळत घातलं त्या दिवशी ती नाकाला पदर लावून वर आली होती.

"गो पोरी, ही घाण गच्चयेर कोणी पसरल्यान?"

"डॉक्टरांनी, आक्का. औषध आहे."

"कोणाक औषध? ह्या शेवाळ माडाच्या आळ्यात घालतत. माणसाक घालूचा नसता." मग डॉक्टरांकडे वळून, "काय ओ डाक्टर, तुमच्या घरात बायको नाय काय?"

डॉक्टर यावर मनसोक्त हसले होते. आक्का खाली गेल्यावर मला म्हणाले, "बघितलंत? हे अश्मयुग. या लोकांसमोर विज्ञान बोलायचं म्हणजे म्हशीला अत्तर लावायचं. तुम्ही स्वयंपाकघराकडे फिरकू नका, मिस इंगवले. तिथले जंतू प्रयोगात येतील आणि तिथले विचारही." मीही फिरकले नाही. जंतूंचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पुणेवाले येण्याच्या आदल्या दिवशी अहवाल तयार झाला. डॉक्टरांनी तो टाइप करून आणला होता. त्यात तीस दिवस होते, सान्निध्य परिणाम होता आणि खाली माझ्या नावासमोर सहीची जागा.

"मला यावर सही करता येणार नाही," मी भाऊंना सांगितलं.

"का ओ मॅडम? बाटली नासली काय?"

"नासली नाही तेच तर. साधी बाटली का नासली नाही ते मला कळलेलं नाही. ते कळेपर्यंत बाकीच्या आकड्यांवरही माझा विश्वास नाही. मला पुन्हा एकदा सुरुवातीपासून करू द्या."

"डॉक्टरांनी कारण सांगितलं ना?"

"भाऊ, तुम्हाला पटलं ते?"

भाऊंनी अहवालाची पानं सारखी केली. तसे ते वाईट माणूस नव्हते. बायकांचा पगार वेळेवर देत आणि आजारी माणसाला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेत. पण डॉक्टरांसमोर ते असे बसत, जसा एखादा शाळकरी पोर मास्तरांसमोर बसतो.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "पडवीत बारा बायका आहेत. आंबा संपला की त्यांना काम नाही. ही ऑर्डर आली तर वर्षभर चूल पेटेल. मी काय तुम्हाला विष विकायला सांगतोय? सोलकढी तर आहे."

"तीच तर नासते, भाऊ."

"उद्या सकाळपर्यंत विचार करा."

मी विचार केला. विचार असा केला की या दोघांत एक मूर्ख आहे आणि दुसरा मूर्खाला भुललेला, आणि यांच्या मूर्खपणाखाली माझं नाव मी लिहिणार नाही. मूर्खपणापलीकडे काही असेल असं मला सुचलंच नाही.

सकाळी पुण्याहून गुंदेचा आले. दुकानांसाठी माल पसंत करणारे हेच. बुटके, शांत, फार बोलणारे नाहीत. माजघरात टेबल मांडलं होतं, त्यावर पांढरी चादर, चादरीवर चार बाटल्या, शेजारी अहवाल आणि भाऊंचं जपून ठेवलेलं पेन. आक्काला भाऊंनी सकाळीच रिक्षा करून कुणकेश्वरला दर्शनाला धाडलं होतं.

डॉक्टर तासभर बोलले. समुद्र, ऋषी, जपानी लोक, निसर्ग. सान्निध्य परिणामावर आले तेव्हा त्यांचा आवाज भरून आला. गुंदेचांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाटली उचलली.

"ही महिन्यापूर्वी भरलेली?"

"अगदी," डॉक्टर म्हणाले. "तारीख पाहा ना, मिस इंगवल्यांच्या हस्ताक्षरात आहे."

गुंदेचांनी ग्लासात ओतून घोट घेतला. थोडं थांबले. मग अख्खा ग्लास संपवला.

"कमाल आहे," ते म्हणाले. "आमच्या घरी मिसेस करतात त्यापेक्षा ताजी. मॅडम, सही तुमची ना? करून टाका."

डॉक्टरांनी पेन उघडून माझ्यापुढे धरलं. मी हात मागे घेतला आणि 'मला काही सांगायचंय' असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"कोणाची महिन्याची?"

आक्का उभी होती. हातात प्रसादाची पुडी, कपाळाला अंगारा. रिक्षावाल्याने गाडी भरधाव हाकली असावी. ती टेबलाजवळ आली, बाटली उचलली, चिठ्ठी वाचता येत नसल्यामुळे नुसती उलटीपालटी करून पाहिली.

"आक्का, तू आत जा," भाऊ म्हणाले. "पाव्हणे बसलेत."

"पाव्हणे बसलेत म्हणानच विचारतंय. पाव्हण्यांका माझ्या घरात महिन्याची कढी देतास? शिळा अन्न?" ती गुंदेचांकडे वळली. "ओ पाव्हण्यानू, काय भिया नका. ह्यो बाटल्यो महिन्याच्यो नाय. ग्रहण सुटल्यार मिया उभ्या राहून सगळ्यो ओतूक लावलंय. ग्रहणातला शिजवलेला अन्न ह्या घरात ठेवनत नाय. दुधात, लोणच्यात दर्भ टाकलंय, पण ह्येंच्या बुचांक मेण! बुचाच्या आत दर्भ खयसून घालतलंय? म्हणान सगळ्यो ओतल्यो, घासल्यो, आणि ताजी कढी करून परत भरल्यो, वर मेणय लावलंय."

गुंदेचांनी हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. बाहेर पडवीत बायकांचा कोकम फोडण्याचा आवाज तेवढा चालू होता.

"बाटल्या रिकाम्याच ठेवता आल्या असत्या, आक्का," मी म्हटलं. "परत कशाला भरल्या?"

"मिया खय भरतंय! मिया म्हटलंय, रिकाम्यो रवांदेत. हो माझो भाव म्हणालो, 'आक्का, परत भरून ठेव, दर दोन दिसांनी ताजी कर, चिठ्ठयो होत्यो तश्योच लाव, मॅडम इल्यार तेंका काय सांगू नको, उगाच घाबरतली.' आणि डाक्टर तर हयच बसलले. पयलो गिलास तेंकाच दिलंय. 'वा आक्का' म्हणाले. दोन गिलास पियाले. होय ना ओ डाक्टर?"

डॉक्टर मफलर सारखा करत होते.

साध्या बाटल्या ताज्या का, शेवाळाचा वास गेला कुठे, सगळं एका क्षणात उलगडलं. उलगडलं यापेक्षा ते या सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं, हे जास्त लागलं. त्या घरात न कळलेली मी एकटी होते. ज्या सहीची मी एवढी राखण करत होते ती काढून घ्यायला हे दोघे पोक्त पुरुष माझ्यासमोर बसून शेवाळाला श्वास घ्यायला लावत होते.

गुंदेचांनी ग्लास खाली ठेवला, रुमालाने ओठ टिपले.

"मॅडम," ते मला म्हणाले, "तुमच्या अर्काची बाटली खरी किती दिवस टिकली? तुम्ही मोजलेली."

"बारा दिवस."

"बारावर सही कराल?"

"आत्ता करते."

त्यांनी चिठ्ठीवरची तारीख पुन्हा पाहिली. "तीस असते तर फार बरं झालं असतं. पण अर्क घालून बारा खरे असतील तर कोल्हापूर, सांगली, सातारा एवढ्या दुकानांना पुरतात. औषध न घालता नारळाचं दूध बारा दिवस कोणी टिकवून दाखवलेलं मी पाहिलेलं नाही. भाऊ, तुम्ही म्हणत असाल तर बाराचा नवा कागद करू या."

बायकांचं काम वाचलं, अर्क वाचला, मी वाचले. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ डॉक्टरांकडे बघत होते.

"माझ्या नावावर बारा दिवसांचा माल जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. "मी तीस म्हटलंय. पुण्यात म्हटलंय, मुंबईत म्हटलंय. बारा ही माझी टिंगल होईल. अर्काची कृती माझी आहे. बारावर सही झाली तर मी ती घेऊन आज जातो."

"कृती मला येते," मी म्हटलं. "रोज मीच करते."

"मग चोरी म्हणून कोर्टात भेटू."

"भाऊ," मी म्हटलं, "बोला ना तुम्ही काहीतरी."

भाऊंनी चादरीची सुरकुती अंगठ्याने सरळ केली. पुन्हा केली.

"डॉक्टर एवढे शिकलेले," ते म्हणाले. "ते म्हणतात तर तीस होतील. आपण परत करून बघू. गुंदेचासाहेब, तुम्ही सहा महिन्यांनी या."

गुंदेचांनी हात जोडले आणि उठले. ते परत येणार नाहीत हे त्यांच्या जोडलेल्या हातांवरून कोणालाही कळलं असतं. भाऊंना कळलं नाही, किंवा कळूनही चाललं. बारा बायकांची चूल, जिच्यासाठी काल माझी सही मागितली होती, ती एका माणसाच्या तोऱ्यापुढे त्यांनी विझवली आणि वर पुण्याला निघालेल्या डॉक्टरांना गाडीत सामान ठेवायला माणूस बोलावू का म्हणून विचारलं. मला त्या क्षणी डॉक्टरांपेक्षा भाऊंची जास्त किळस आली. लबाडाला निदान स्वतःचा फायदा कळतो.

आक्का बाटल्या गोळा करत होती. "इतकी चांगली कढी," ती पुटपुटली, "आणि कोण पियेना."

मी त्याच दुपारी निघायचं ठरवलं. बॅग भरून गच्चीवर वाळत घातलेला माझा पंचा घ्यायला गेले, तर डॉक्टर शेवाळ गोणीत भरत होते. एकटेच. मला पाहून थांबले नाहीत.

"सर, एक विचारू?" मी म्हटलं. "तुम्हाला खरं कारण लपवायचंच होतं तर दुसरं काहीतरी बरं कारण सांगता आलं असतं. फ्रिज फार थंड झाला, नारळ वेगळे होते, काहीही. तो सान्निध्याचा वेडगळपणा कशाला?"

डॉक्टरांनी कंबर सरळ केली. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि त्या नजरेत वेडगळपणाचा लवलेश नव्हता.

"नारळ वेगळे होते म्हटलं असतं तर तुम्ही नारळ तपासले असते," ते म्हणाले. "फ्रिज म्हटलं असतं तर थर्मामीटर घेऊन बसला असता. तुम्ही हुशार आहात, मिस इंगवले, आणि तुम्हाला ते माहीत आहे. अशा माणसाला शहाणं कारण द्यायचं नसतं. त्याला मूर्ख कारण द्यायचं. मग तो तपासत बसत नाही. तो हसत बसतो. तुम्ही माडाखाली उभ्या राहून हसत होता ना? मी खिडकीतून पाहत होतो. मी भाऊंना म्हटलं, आता काळजी नाही, ही स्वयंपाकघरात जाऊन विचारणार नाही."

चार पानांचं ते पत्र आठवलं. प्रत्येक "वा सर" आठवला. मी ते "वा" कशा सुरात म्हटले होते आणि समोर बसून ते किती शांतपणे त्यांनी खिशात घातले होते, ते सगळं मला गच्चीवरच्या त्या उन्हात उभ्या उभ्या ऐकू आलं. लाज आणि राग यांत आधी कोणता आला ते आजही सांगता येणार नाही.

"मग आक्कांचं काय?" मी विचारलं.

"काय त्यांचं?"

"त्यांना का नाही गप्प राहायला सांगितलंत? मला सांगू नका एवढंच भाऊंनी सांगितलं होतं. पाहुण्यांसमोर बोलू नका, असं कोणी सांगितलंच नव्हतं."

"भाऊ म्हणत होते सांगू या. मीच नको म्हटलं." डॉक्टर पुन्हा वाकले आणि शेवाळाची मूठ गोणीत टाकली. "म्हटलं, देवळात धाडा, पुरे झालं. त्या म्हातारीला काय कळतंय, ती बोलून बोलून काय..."

ते तिथेच थांबले.

"तुम्हीही हसत बसलात," मी म्हटलं.

खालून आक्काचा आवाज आला, ती माझ्या नावाने जेवायला हाका मारत होती. मी पंचा खांद्यावर टाकला आणि जिना उतरले.